डोळ्यांत पाणी आणणारा मासा

२३ डिसेंबरच्या दुपारी आइसलँडमध्ये कुणाच्या घरी काय शिजतंय हे विचारावं लागत नाही, जिन्यातच कळतं. दारातून येणारा वास माशाचा कमी आणि बरेच दिवस न धुतलेल्या मुतारीचा जास्त. आत मोठ्या पातेल्यात स्केटचे तुकडे उकळत असतात. स्केट म्हणजे आपल्या पाकटाचा थंड समुद्रातला नातेवाईक. झाकण उचललं की वाफ थेट डोळ्यांत जाते. मग ते तुकडे उकडलेल्या बटाट्यांबरोबर वाढतात, वर मेंढीची वितळवलेली चरबी ओततात आणि आजीपासून नातवापर्यंत सगळे डोळे पुसत जेवायला बसतात. पदार्थाचं नाव ‘कायस्त स्काता’.

दिवस आहे संत थोर्लाकुरचा. स्काउल्होल्टचा हा बिशप २३ डिसेंबर ११९३ रोजी वारला. कॅथलिक काळात नाताळाआधी मांस वर्ज्य असे, त्यामुळे या दिवशी मासाच खायचा. १५५०च्या सुमारास देश ल्यूथरच्या पंथात गेला, उपास सुटला. मासा मात्र राहिला. मूळची ही रीत वायव्येकडच्या वेस्टफ्योर्ड भागातली. तिथून शहरात आलेल्या कुटुंबांबरोबर ती विसाव्या शतकात देशभर पसरली.

हा वास मुद्दाम आणलेला असतो आणि त्याची तयारी मासा जिवंत असतानाच झालेली असते. समुद्राचं पाणी माशांच्या रक्तापेक्षा बरंच खारट असतं, त्यामुळे परासरणाने अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. बहुतेक मासे समुद्राचं पाणी पितात आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात. मुशी, पाकट, स्केट या हाडांऐवजी कूर्चेचा सांगाडा असलेल्या माशांनी वेगळी युक्ती काढली. आपण जो युरिया लघवीवाटे टाकून देतो, तोच हे मासे अंगात साठवून ठेवतात. रक्तात विरघळलेल्या पदार्थांचा एकूण भार समुद्राच्या तोडीला आला की पाण्याची गळती थांबते. एवढा युरिया प्रथिनांची घडी मोडू शकतो, म्हणून त्याच्या जोडीला ट्रायमिथाइल अमाइन ऑक्साइड नावाचं दुसरं रसायन पहाऱ्याला ठेवलेलं असतं.

मासा मेला की हा सगळा साठा जिवाणूंच्या हाती लागतो. स्केटचे पंख ढीग करून किंवा पिंपात काही आठवडे तसेच ठेवतात. जिवाणूंचं युरिएज हे विकर युरियाच्या एका रेणूतून अमोनियाचे दोन रेणू मोकळे करतं. पहारेकरी रसायनाचंही ट्रायमिथाइल अमाइन होतं. शिळ्या मासळीचा ओळखीचा वास तो हाच. अमोनिया साठत गेला की मांसाचा सामू, म्हणजे पीएच, ९च्या आसपास चढतो आणि इतक्या अल्कधर्मी घरात मांस कुजवणाऱ्या बऱ्याच जिवाणूंना राहवत नाही. म्हणजे वास जितका भयंकर, तितका मासा टिकाऊ. मीठ आणि सरपण दोन्ही दुर्मीळ असलेल्या बेटावर ही सोय लहान नव्हती. याला ‘आंबवलेला मासा’ म्हणायला माझी जीभ अडखळते. आंबवणं म्हणजे आंबटाकडे नेणं. हा मासा बरोबर उलट्या दिशेला जातो.

उकळताना वास अंगावर येतो त्यालाही हाच सामू कारणीभूत आहे. आम्ल असतं तर अमोनिया क्षार बनून पाण्यात अडकून राहिला असता. इथे त्याचा मोठा वाटा वायुरूपात मोकळा असतो आणि आच लागली की उसळून बाहेर पडतो.

आता फ्रीज आहेत, ताजी मासळी आहे. तरी लोक हे का खातात? नाकातच काही फरक असेल का? आइसलँडच्या डीकोड जेनेटिक्स या संस्थेने २०२०मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नऊ हजारांहून अधिक आइसलँडवासीयांना वेगवेगळे वास हुंगायला दिले होते. त्यात माशाचाही वास होता. टीएएआर५ या घ्राणग्राहीच्या, म्हणजे नाकातल्या वास टिपणाऱ्या प्रथिनाच्या, जनुकात एक विशिष्ट बदल असलेल्यांना तो सौम्य वाटला, कमी किळसवाणा वाटला. काहींनी तर कॅरमेल, गुलाब अशी नावं घेतली. हा बदल आइसलँडमध्ये दक्षिण युरोपापेक्षा किंवा आफ्रिकेपेक्षा जास्त आढळतो. बातमी म्हणून झकास आहे, पण हिशोब जुळत नाही. तिथेही हा बदल शंभरांत मोजक्याच माणसांत सापडतो आणि पानावर बसणारे त्याहून कितीतरी जास्त असतात.

मला उत्तर जनुकापेक्षा स्वयंपाकघरात दिसतं. चवीची ओळख तर जन्माआधीच सुरू होते. फिलाडेल्फियाच्या मोनेल या संशोधन केंद्रातल्या ज्युली मेनेला आणि सहकाऱ्यांनी २००१मध्ये दाखवलं, की गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना आईने गाजराचा रस प्यायला असेल, तर पुढे गाजराची चव असलेली पेज भरवताना बाळं कमी तोंड वाकडं करतात. त्याच वर्षी रेचेल हर्झ आणि जुलिया फॉन क्लेफ यांच्या प्रयोगात एकच आम्लमिश्रण एकदा ‘पार्मेझान चीज’ आणि एकदा ‘ओकारी’ असं सांगून हुंगायला दिलं. नावाबरोबर आवडनिवड पालटली.

आइसलँडच्या पोराच्या लेखी अमोनियाचं नाव काय असेल? उद्या संध्याकाळी सहाला नाताळ सुरू होणार, भेटी उघडायच्या. वर्षातून एकदाच येणारा आणि नेमका त्या आदल्या दिवशी येणारा वास. एवढी पक्की जोडी शिकायला फार वर्षं लागत नसावीत.

शिवाय गुलाब हुंगणाऱ्या त्या मोजक्या नशीबवानांचीही सुटका नाही. अमोनियाची झणझण टीएएआर५वर अवलंबून नसते. ती चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल चेतेवाटे मेंदूत जाते. डोळे सगळ्यांचेच भरून येतात.

पडद्यांना वास लागू नये म्हणून कुणी पातेलं गॅरेजात मांडतं, कुणी सरळ हॉटेल गाठतं. जे घरातच शिजवतात त्यांचा जुना तोडगा म्हणजे त्याच संध्याकाळी हांगिक्योत उकळायला ठेवणं. हे धुरी दिलेलं मेंढीचं मांस नाताळच्या जेवणाला लागतंच. त्याने स्केटचा वास जातो म्हणतात. मला वाटतं जात नाही, धुराखाली झाकला जातो. रात्री घरात दोन्ही वास असतात आणि पोरं झोपायला तयार नसतात.