भुयाराचं दुसरं तोंड

मराठवाड्यात जिथं जुनी बारव आहे तिथं भुयाराची गोष्ट ठरलेली. "हे भुयार थेट देवगिरीला निघतंय," असं सांगणारं कुणीतरी भेटतंच. माझ्या आजोळच्या बारवेत पाण्याच्या वरच्या टप्प्यावर एक अंधारा कोनाडा होता. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की आम्ही पोरं पायऱ्या उतरून तिथवर जायचो, कोनाड्यात तोंड घालून "कूऽऽ" करायचो आणि कान देऊन थांबायचो. आवाज लगेच फिरून यायचा. मोठा मामेभाऊ म्हणायचा, "आवाज माघारी आला म्हंजे फुडं भिंत हाय. भुयार असतं तर गेला असता की." दर सुट्टीत हा प्रयोग व्हायचा आणि दर सुट्टीत उत्तर तेच यायचं.

पुढे विज्ञानकथांमध्ये पोर्टल भेटलं तेव्हा ते मला ओळखीचं वाटलं. इकडच्या दारातून पाऊल टाकायचं आणि दुसऱ्याच ताऱ्याच्या उजेडात बाहेर पडायचं. लेखकांना हे दार इतकं हवंसं का वाटतं, ते अंतरं पाहिली की कळतं. सूर्यानंतरचा आपला सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी ४.२४ प्रकाशवर्षांवर, म्हणजे सुमारे ४० लाख कोटी किलोमीटर दूर आहे. १९७७ मध्ये निघालेलं व्हॉयेजर १ हे यान सेकंदाला जवळपास १७ किलोमीटर वेगाने चाललं आहे. त्या वेगाने प्रॉक्सिमा गाठायला ७५ हजार वर्षं लागतील. माणसाचं आयुष्य तेवढं नाही, म्हणून कथेला भुयार खणावं लागतं.

माझ्या वहीत अशीच एक कथा बरीच वर्षं अर्धवट पडून आहे. तिच्यात औंढा नागनाथच्या जवळ, माळरानावर, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच असं एक दार आहे. त्याचं दुसरं तोंड प्रॉक्सिमाभोवती फिरणाऱ्या ग्रहावर उघडतं. ती पूर्ण होत नाही, कारण मी दर वेळी त्या दाराला भौतिकशास्त्राचे प्रश्न विचारत बसतो. मला ते प्रश्न कथेइतकेच प्रिय आहेत.

शास्त्रात या भुयाराला कृमिविवर म्हणतात. १९३५ मध्ये आइन्स्टाइन आणि रोझेन यांना सापेक्षतेच्या समीकरणांत अवकाशाचे दोन भाग जोडणारा एक पूल दिसला. जॉन व्हीलर यांनी १९५७ मध्ये त्याला 'वर्महोल' हे इंग्रजीतलं किड्याच्या भोकाचं नाव दिलं. त्याच व्हीलर यांनी रॉबर्ट फुलर यांच्यासोबत १९६२ मध्ये दाखवलं की हा पूल कामाचा नाही. तो उघडतो आणि इतक्या झपाट्याने मिटतो की प्रकाशकिरणसुद्धा पार होऊ शकत नाही. काळ्या रानात उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेग पडते आणि पावसाने माती फुगली की ती मिटते, तसंच काहीसं. पोर्टलचा खरा प्रश्न इथं आहे. दार उघडायचं कसं, यावर कथा पानंच्या पानं खर्च करतात. अवघड आहे ते उघडं ठेवणं.

हा प्रश्न पुन्हा हाती घेतला गेला तो एका कादंबरीमुळेच. कार्ल सेगन यांना आपल्या नायिकेला दूरच्या ताऱ्याकडे पाठवायचं होतं आणि शास्त्र चुकवायचं नव्हतं. त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ मित्र किप थॉर्न यांना विचारलं. थॉर्न यांनी विचार उलट्या बाजूने केला: माणूस सुखरूप पार व्हायला हवा असेल तर भुयाराच्या घशात, म्हणजे सगळ्यात अरुंद भागात, काय भरावं लागेल? त्यांचा आणि मायकेल मॉरिस यांचा तो निबंध १९८८ मध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांसाठीच्या नियतकालिकात छापून आला. कथेच्या गरजेतून एवढं काटेकोर गणित जन्माला यावं, याचा मला आजही आनंद होतो.

उत्तर समजायला कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरी यांच्या १९५५ च्या समीकरणाचा आधार घेता येतो. ते सांगतं की साधं द्रव्य, मग तो दगड असो की तारा, प्रकाशकिरणांना एकमेकांकडे ओढतं. भुयारात शिरणारे किरण घशाकडे जवळ येतात आणि पलीकडे पुन्हा फाकतात. फाकवण्याचं काम साध्या द्रव्याला जमत नाही. त्यासाठी रिकाम्या अवकाशापेक्षाही कमी, म्हणजे ऋण ऊर्जा लागते.

ऋण ऊर्जा ही निव्वळ कल्पना नाही. हेंड्रिक कासिमिर यांनी १९४८ मध्ये भाकीत केलं की दोन धातूच्या पट्ट्या निर्वातात अगदी जवळ आणल्या की त्या एकमेकींकडे ओढल्या जातात, कारण त्यांच्यामधल्या पोकळीतली ऊर्जा बाहेरच्यापेक्षा कमी होते. १९९७ मध्ये हा परिणाम नेमका मोजला गेला. पण ताकद किती? पट्ट्या चौरस मीटरभर घ्या, त्यांच्यात मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकं अंतर ठेवा. ओढ होते ती ज्वारीच्या चार-पाच दाण्यांच्या वजनाएवढी. आणि एक मीटर त्रिज्येचा घसा उघडा ठेवायला ढोबळ हिशेबाने लागतं गुरू ग्रहाच्या तोडीचं ऋण वस्तुमान, म्हणजे दोनशेहून जास्त पृथ्व्यांएवढं. ज्वारीच्या दाण्यांपासून गुरूपर्यंतची ही मजल कथेत एका वाक्यात मारता येते. प्रयोगशाळेत ती कशी मारायची हे कुणालाच माहीत नाही.

समजा मारली. आता माझ्या औंढ्याच्या दाराकडे या. पलीकडच्या ग्रहावर हवा विरळ असेल तर इकडची हवा तिकडे धावणार. हवेचा दाब चौरस मीटरला सुमारे दहा टन असतो, म्हणजे नऊ चौरस मीटरच्या दारावर नव्वद टन जोर. कथेत कुणी हसतमुखाने उंबरा ओलांडतो, तिथं खरं तर दुहेरी दारांची बंद खोली लागेल. शिवाय वस्तुमानाचा हिशेब आहेच. ज्या तोंडातून माल आत जातो त्याचं वस्तुमान वाढतं आणि ज्यातून बाहेर पडतो त्याचं घटतं. मोंढ्यातल्या आडत्यासारखी जमा-नावेची वही ठेवावी लागेल; जेवढं गेलं तेवढं परत यायला हवं.

पण मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवतं ते दुसरं तोंड नेण्याचं काम. तिकडे आधीच कुणी दार बांधून ठेवलेलं नाही, ते यानात घालून नेलं पाहिजे. यान प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने गेलं तरी आपल्या घड्याळाने त्याला ४.२८ वर्षं लागतील. यानातल्या घड्याळात मात्र जेमतेम सव्वासात महिने होतील. आता गंमत बघा: भुयाराच्या आतून पाहिलं तर दोन्ही तोंडांची घड्याळं जुळलेलीच राहतात. म्हणजे यान निघाल्यावर सव्वासात महिन्यांनी औंढ्याच्या दारातून डोकावलं तर पलीकडे प्रॉक्सिमाचा तांबूस उजेड दिसेल. दुर्बिणीतून पाहणाऱ्याच्या लेखी यान अजून वाटेत असेल.

आणि तेच तोंड तसंच वळवून औंढ्याला परत आणलं तर? माळावर साडेआठ वर्षं उलटलेली असतील, परतलेल्या तोंडाच्या लेखी साडेचौदा महिने. त्या तोंडातून शिरणारा माणूस दुसऱ्या तोंडातून सात वर्षांहून जास्त आधी बाहेर येईल. हेही थॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्येच दाखवलं. स्टीफन हॉकिंग यांनी १९९२ मध्ये मत मांडलं की निसर्गाचे नियमच असं यंत्र होऊ देत नसावेत. वाद अजून मिटलेला नाही. माझी कथाही इथंच अडली आहे.

औंढा मी उगाच निवडलेलं नाही. नागनाथाच्या गाभाऱ्यात जायला अरुंद वाटेतून अंग चोरत खाली उतरावं लागतं आणि त्या उतरण्यात लहानपणापासून माझ्या पोटात गोळा येतो, हे एक कारण. दुसरं कारण लायगो-इंडिया. गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशालाच ताणत-आखडत जाणाऱ्या लहरी, टिपणारी ही वेधशाळा याच परिसरात उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्या २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता दिली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, त्यांत लेझर. लहर आली की एक बाजू किंचित लांबते, दुसरी आखडते, आणि हा फरक प्रोटॉनपेक्षा शेकडो पटींनी लहान असतो. अमेरिकेतल्या अशा दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली. त्या उभारणीमागच्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं आणि त्यांत एक नाव किप थॉर्न यांचं होतं.

दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली की तयार झालेलं विवर देवळातल्या घंटेसारखं क्षणभर घुमतं आणि ते घुमणं या लहरींतून आपल्यापर्यंत येतं. हे घुमणं सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये गणिताने दाखवलं होतं. कृष्णविवराच्या आत गेलेली लहर परत येत नाही. पण तिथं कृमिविवराचं तोंड असेल तर लहरीचा काही भाग घशातून पलीकडे जाईल, तिथल्या गुरुत्वाच्या बांधावर आपटेल आणि फिरून येईल. घुमणं विरल्यावर मागून एक फिका प्रतिध्वनी, मग आणखी एक. संशोधकांनी आतापर्यंतच्या नोंदींत असे प्रतिध्वनी शोधले आहेत, पटण्याजोगं काही सापडलेलं नाही. सापडलं तरी ते भुयारच असेल असं नाही. इतर काही विलक्षण पिंडांकडूनही तसे प्रतिध्वनी येऊ शकतात.

गेल्या दिवाळीत मामेभावाला हे सांगितलं. तो आता आजोळची शेती बघतो. "म्हंजे आपल्या बारवंच्या उलटं," तो म्हणाला. "तिथं आवाज माघारी आला तर भिंत, हितं माघारी आला तर भुयार." मग थोडं थांबून त्यानं विचारलं, "कूऽऽ केल्यावर किती येळ कान द्यायचा पण?"

सेकंदाचा लहानसा भाग, मी म्हणालो.