रिफ्लो वेगळा, रिपेंट वेगळा

अंधेरीतल्या कुठल्याही आयटी ऑफिसात ब्राउझरमधलं वेबपान अडखळलं की कुणीतरी म्हणतंच, "रिपेंट जास्त होतायत," म्हणजे पान पुन्हा पुन्हा रंगवलं जातंय. बहुतेक वेळा बिचाऱ्या रिपेंटवर उगाच आळ येतो.

लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा टेकला की तिघांनाही सरकावं लागतं. हा रिफ्लो. बसल्या जागी कुणी टोपी बदलली तर कुणालाच हलावं लागत नाही. तो रिपेंट. रुंदी, मार्जिन किंवा फॉन्टचा आकार बदलला की रेंडरिंग इंजिन, म्हणजे ब्राउझरचा पान मांडणारा भाग, मग ते क्रोमचं ब्लिंक असो, सफारीचं वेबकिट की फायरफॉक्सचं गेको, चौकटींची मापं नव्याने काढतं. नुसता रंग बदलला तर मापं तशीच राहतात, तेवढा भाग पुन्हा रंगवला जातो. रिफ्लोमागून बहुधा रिपेंट येतोच, म्हणून दोघांची गल्लत होते.

रिफ्लो झाला म्हणून लगेच बिघडलं असंही नाही. इंजिन बदल साठवून ठेवतं आणि फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं पुढचं चित्र, काढताना एकदाच मोजतं. 60 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 60 फ्रेम दाखवणाऱ्या पडद्यावर फ्रेमला सुमारे 16.7 मिलिसेकंद मिळतात, साध्या पानाला ते पुरतात. घोळ आपण, कोड लिहिणारे, घालतो: लूपमध्ये (तोच कोड पुन्हा पुन्हा चालवताना) एका घटकाची रुंदी बदलायची आणि लगेच 'ऑफसेटहाइट', म्हणजे त्याची उंची, विचारायची. खरं उत्तर द्यायचं तर इंजिनाला तिथल्या तिथे मोजावंच लागतं, आणि ते लूपच्या प्रत्येक फेरीत. आधी सगळी मापं वाचून घ्या, मग सगळे बदल करा. निम्मी दुखणी तिथेच संपतात.

मराठी पानांना आणखी एक त्रास. वेबफॉन्ट, म्हणजे नेटवरून येणारा फॉन्ट, उशिरा पोचला की जोडाक्षरं नव्याने जुळवली जातात (क्रोम आणि फायरफॉक्समध्ये हे काम हार्फबझ ही लायब्ररी करते), 'प्रभादेवी'ची रुंदी बदलते, ओळी दुसरीकडे तुटतात आणि बोट टेकणार तेवढ्यात बातमी खाली सरकते. हा चक्क रिफ्लो. फॉन्ट प्रीलोड करा, म्हणजे आधीच मागवून ठेवा, किंवा 'साइझ-अ‍ॅडजस्ट' ही सेटिंग वापरून तोवर दिसणाऱ्या पर्यायी फॉन्टचं माप जुळवून घ्या.

रिपेंटही फुकट नसतो. स्वस्त फोनवर पडदाभर धूसर सावल्या दर फ्रेमला रंगवायला लावल्या की तो दमतोच. 'ट्रान्सफॉर्म' (सरकवणं, फिरवणं) आणि 'ओपॅसिटी'चं (पारदर्शकता) अ‍ॅनिमेशन मात्र स्वतंत्र थरावर असेल तर रिफ्लो आणि रिपेंट दोन्ही टळतात.

अंदाज बांधण्याआधी क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधलं परफॉर्मन्स पॅनेल उघडा: लेआउट, म्हणजे रिफ्लो, जांभळा दिसतो आणि पेंट हिरवा. जांभळं जास्त असेल तर सावल्या काढून काही होणार नाही.