नियमबद्ध रेखाचित्र

रेषा ओढण्याआधी चित्रकार एक नियम ठरवतो आणि चित्र पुरे होईपर्यंत तो मोडत नाही. अशा रीतीने कागदावर केलेल्या अमूर्त रेखाटनाला नियमबद्ध रेखाचित्र म्हणतात. नियम बहुधा साधाच असतो. समजा, उभी, आडवी आणि दोन तिरक्या अशा चारच दिशांच्या रेषा घ्यायच्या. त्या एकेकट्या, दोन-दोन, तीन-तीन आणि चारही मिळून मांडल्या की पंधरा प्रकार होतात. पंधरा चौकोन भरले की काम संपले. सोळा घरांची चौकट आखली असेल, तर सोळावे घर कोरेच राहते.

अमेरिकी चित्रकार सोल लेविट (१९२८–२००७) यांनी १९६७ च्या एका लेखात कल्पना हेच कलाकृती घडवणारे यंत्र असल्याचे मांडले आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये भिंतीवर आपले पहिले रेखाटन केले. पुढे त्यांच्या लेखी सूचनांवरून इतर लोक भिंती रेखाटू लागले. प्रदर्शन संपले की भिंत रंगवून टाकायची. सूचना हाती असल्याने तेच चित्र दुसऱ्या गावी पुन्हा काढता येते. पॅरिसमध्ये राहणाऱ्या वेरा मोल्नार (१९२४–२०२३) १९६८ पासून संगणकाकडून रेषा काढून घेत. नियमात किंचित बेशिस्त मिसळली की काय होते, याचे त्यांना फार कुतूहल.

भारतात या वाटेवरचे सर्वांत मोठे नाव नसरीन मोहम्मदी (१९३७–९०) यांचे. १९७२ पासून त्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवत. शाई, पेन्सिल आणि नकाशे आखण्याची साधने यांतून उतरलेल्या त्यांच्या चित्रांना सहसा शीर्षक नसते. नियमही लिहून ठेवलेला नसतो. रेषांमधले अंतर कुठे आकसते आणि कुठे सैल होते, यावरून तो पाहणाऱ्याने ओळखायचा. मुंबईच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचा चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्याशी परिचय झाला. गायतोंडे घराणे मूळचे गोव्याचे. ते स्वतः १९२४ साली नागपुरात जन्मले. त्यांची चित्रे मात्र या प्रकारात मोडत नाहीत. नियम आधी ठरवून ते काम करत नसत.

गोव्यात नियमावरून रेषा ओढण्याची सवय घरोघरी आहे. तुळशीवृंदावनापुढच्या ठिपक्यांच्या रांगोळीत ‘सात ते चार’ एवढे सांगितले की शेजारीण समजून जाते : मधली ओळ सात ठिपक्यांची, वर-खाली एकेक ठिपका कमी करत चारापर्यंत जायचे, एकूण सदतीस ठिपके. रांगोळी पुसली जाते, नियम वहीत आणि हातात राहतो. लेविट यांच्या भिंती याच जातीच्या आहेत. म्हणून अमूर्त कला रांगोळीतूनच आली असे म्हणणे बरोबर नाही, पण गोव्यातल्या प्रेक्षकाला हे चित्र परके वाटण्याचे कारणही नाही.

कागदावर मात्र पुसण्याची सोय नाही. रुलिंग पेन (दोन पोलादी पात्यांच्या फटीत शाई भरून रेषा आखण्याचे पेन) जिथे क्षणभर थबकते तिथे शाईचा थेंब जाड होतो. पट्टीची कड कागदाला टेकली तर शाई तिच्याखाली ओढली जाते आणि तासाभराचे काम वाया जाते. नियम कुणालाही पाळता येईल इतका सोपा असला, तरी दोन जणांच्या रेषा सारख्या येत नाहीत. या प्रकाराचा सारा जीव त्या फरकात आहे.

गोव्यातल्या पावसाळ्यात यात आणखी भर पडते. हवेतल्या ओलीने कागद फुगतो आणि सकाळी केलेल्या पेन्सिलच्या खुणा दुपारी जुळत नाहीत. म्हणून जाड कागद आधी भिजवून, डिंकाच्या पट्टीने फळीवर ताणून वाळवणे चांगले. पुरे झालेल्या चित्रावर बुरशीचे तांबूस डाग पडू नयेत यासाठी चौकटीची काच कागदाला टेकू देत नाहीत आणि मागे आम्लरहित पुठ्ठा घालतात.