जुनी नोट आम्ही लॅमिनेट का करून देत नाही?

"मशीन हाये ना भाऊ तुमच्यापाशी, मंग कायले नाही म्हणता?" बाजाराच्या दिवशी हे एकदा तरी ऐकावंच लागतं. आधार कार्ड आणा, शाळेचं ओळखपत्र आणा, दोन मिनिटांत लॅमिनेट करून देतो. नोट मात्र नाही, दहा रुपये जास्त दिले तरी नाही.

नोटेचा कागद कापसाचा असतो. म्हणूनच खिशात राहून धुतली गेली तरी ती सहसा टिकते, वर्तमानपत्राचा मात्र लगदा होतो. लॅमिनेशनच्या प्लास्टिक पाऊचचा तापलेला डिंक त्या धाग्यांत उतरला की नोट पुन्हा सुटी होत नाही. बोटाला लागणारा छपाईचा उठावही मग लागत नाही. जुन्या नोटा जमवणारे अशी नोट हातातही धरत नाहीत.

मागच्या दिवाळीत एक ताई आजोबांची शंभराची नोट घेऊन आल्या. १९६९ ची, गांधीजींच्या जन्मशताब्दीची. तिच्या मागच्या बाजूला बसलेले बापू आणि पाठीमागे आपला सेवाग्राम आश्रम. रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर गांधीजी पहिल्यांदा आले ते असे, वर्ध्याच्या मातीवर बसून! ताईंनी नोट कुठूनतरी आधीच लॅमिनेट करून आणली होती. नेमका आश्रमावरच हवेचा फुगा. "काढून द्या" म्हणाल्या. तासभर खटपट केली, पण एक कोपरा फाटला तेव्हा हात आखडता घेतला. पैसे घेतले नाहीत, पण दुपार गेली.

इस्त्री, सेलोटेप, पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलने चिकटवणं, हेही तसंच. घडी आहे तर राहू द्या, ती नोटेच्या वयाची आहे.

आम्ही काय करतो? दोन काचांमध्ये नोट ठेवून फ्रेम करतो. चार कोपऱ्यांना खाचा असतात, डिंकाचा थेंबही लागत नाही. दोन्ही बाजू दिसतात. नाहीतर वर सांगितलेल्या नोटेतले बापू भिंतीकडे तोंड करून बसले असते. हल्लीच्या नोटेवर मागे पंधरा भाषांची पट्टी असते, त्यात आठवी ओळ मराठीची. पोरं ती शोधत बसतात. लग्नाच्या आहेरासाठी जन्मतारखेच्या नंबरची नोट घेऊन येणारेही आहेत. नोट तुमची, फ्रेम आमची. नोटा जास्त असतील तर कप्प्यांचा अल्बम स्वस्त पडतो.

ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाचची नोट लाखाला जाते का, हे कृपया विचारू नका. ती गांधीजींच्या चित्राच्या मालिकेतही छापली आहे, अजून चलनात आहे. आम्ही नोटा विकत घेत नाही. मोबाईलवर कोणी "आधी फी भरा, मग नोट घेतो" म्हणालं तर भरू नका. रिझर्व्ह बँकेच्या नावाने कोणी जुन्या नोटांचे व्यवहार करतंय, फी मागतंय, तर फसू नका, असं बँकेनेच २०२१ मध्ये कळवलं होतं. नंबरात चांदणी दिसली तर घाबरू नका, छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी घातलेली ती नोट असते. आणि एक रुपयाच्या नोटेवर गव्हर्नरची सही नसते, वित्त सचिवाची असते. ती भारत सरकारची नोट. सही वेगळी म्हणून नकली समजून फेकू नका.

नोट आणताना वहीच्या पानांत सपाट ठेवून आणा, पाकिटात दुमडून नको. फ्रेम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळेल. लग्नसराईत चार दिवस धरा.