जॉन मॅकडोनाल्ड, पण नेमका कुठला? पणजोबा की पणतू

स्कॉटलंडच्या क्लॅनबद्दल, म्हणजे तिथल्या कुळांबद्दल, वाचायला लागलं की एक नाव परत परत समोर येतं, जॉन मॅकडोनाल्ड, लॉर्ड ऑफ द आइल्स, म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरच्या बेटांचा स्वामी. आणि गोंधळ इथेच होतो, कारण या नावाचे आणि याच पदवीचे दोन चीफ होऊन गेलेत. एक वारला साधारण 1386 मध्ये, दुसरा 1503 मध्ये. पहिला दुसऱ्याचा सख्खा पणजोबा. दोघांनाही 'आयलाचा जॉन' म्हणतात कारण घराण्याचं मूळ ठाणं आयला बेटावर, तिथल्या गेलिक भाषेत दोघांचंही नाव ओइन, आणि पहिला दुसरा हे आकडे नंतरच्या इतिहासकारांनी आपल्या सोयीसाठी लावलेत, त्यांच्या काळात कुणी त्यांना असं म्हणत नव्हतं.

त्यात अजून एक गंमत म्हणजे अँगस ओग. ओग म्हणजे धाकटा किंवा तरुण. पहिल्या जॉनचा बाप अँगस ओग, जो स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याच्या बाजूने उभा राहिला. आणि दुसऱ्या जॉनचा मुलगा पण अँगस ओगच. त्यामुळे 'जॉन आणि अँगस ओग' एवढंच वाचून काही कळत नाही, आधी बघायचं की अँगस बाप आहे का मुलगा. बाप असेल तर पणजोबा, मुलगा असेल तर पणतू. मला तरी ही खूण सगळ्यात कामाची वाटते.

मॅक म्हणजे अमक्याचा मुलगा, आणि मॅकडोनाल्डमधला तो मूळ डोनाल्ड म्हणजे पहिल्या जॉनचा पणजोबा, बाराव्या शतकातला बेटांवरचा सरदार सोमरलेड, त्याचा नातू. म्हणजे पहिल्या जॉनच्या वेळी हे घराणं बेटांवर चांगलं मुरलेलं होतं पण शेजारी अजून तेवढेच जोरात होते, आणि त्यातले एक होते मॅकरुअरी, तेही सोमरलेडच्याच वंशातले, म्हणजे भाऊबंदच.

आता पहिल्या जॉनचं घर बघा, कारण खरी गोष्ट घरातच आहे. त्याची पहिली बायको एमी मॅकरुअरी. नातं जवळचं म्हणून पोपची परवानगी लागली, ती 1337 मध्ये मिळाली. एमीचा भाऊ रॅनल्ड 1346 मध्ये पर्थजवळच्या एल्को मठात मारला गेला, उत्तर स्कॉटलंडमधल्या रॉसच्या अर्लच्या, म्हणजे तिथल्या उमरावाच्या, माणसांनी मारला, आणि एमीच्या माहेरची जमीन जॉनच्या हातात आली. मॉइडार्ट, अरिसेग, मोरार, एग, रम, युइस्ट, किनाऱ्यावरचा आणि बेटांवरचा मोठा पट्टा. त्याच्या आधीच, 1336 मध्ये, जॉन इंग्लंडच्या राजाला पत्र लिहिताना स्वतःला लॅटिनमध्ये 'बेटांचा स्वामी' म्हणवून घेत होता, पण त्या शब्दाला वजन आलं ते एमीच्या माहेरामुळे, आणि हे मी मुद्दाम लिहितोय कारण बऱ्याच ठिकाणी तिचं नाव अर्ध्या ओळीत उरकलेलं असतं.

मग 1350. पोपकडून दुसरी परवानगी, दुसरं लग्न, मार्गारेट स्ट्युअर्टशी. मार्गारेटचा बाप रॉबर्ट तेव्हा राजाचा कारभारी होता आणि 1371 मध्ये तोच राजा झाला, रॉबर्ट दुसरा. म्हणजे जॉन राजाचा जावई झाला. क्लॅनची परंपरा सांगते की एमीला त्यासाठी बाजूला सारलं. ती म्हणे मॉइडार्टला परत गेली आणि तिने टिओरम किल्ला बांधला. किल्ल्याची भिंत तिच्याही आधीची असावी असं अभ्यासक सांगतात, पण लोकांनी तो किल्ला तिच्याच नावाला लावला यातच कळतं की लोकांच्या मनात अन्याय कुणावर झाला होता. लॉक मॉइडार्टमधल्या छोट्या खडकाळ बेटावर तो अजून उभा आहे, ओहोटी असली की वाळूवरून चालत जाता येतं, भरतीला चारी बाजूंनी पाणी.

वाटणीचं काय झालं ते बघण्यासारखं आहे. एमीचे मुलगे जॉन, रॅनल्ड आणि गॉडफ्री, हे थोरले. मार्गारेटचे डोनाल्ड, जॉन मोर आणि अलेक्झांडर, हे धाकटे पण राजाचे नातू. गादी गेली डोनाल्डकडे. रॅनल्डला आईच्या माहेरची जमीन मिळाली, रॉबर्ट दुसऱ्याने ते 1373 मध्ये सनदेवर शिक्कामोर्तब करून दिलं, पण ती जमीन त्याला गादीवरच्या लॉर्डच्या हाताखालीच सांभाळायची होती. बाप वारल्यावर रॅनल्डनेच एग बेटावर सत्तेची सूत्रं डोनाल्डच्या हातात दिली असं क्लॅनरॅनल्डच्या गेलिक इतिहासात आहे, आणि तिथेच असंही आहे की बेटांवरच्या लोकांना ते पटलेलं नव्हतं. थोरल्याने धाकट्या सावत्र भावाच्या हातात सगळं देऊन टाकायचं आणि ते पण शांतपणे, तलवार न काढता. मला हा रॅनल्ड त्या सगळ्यांमध्ये मोठा वाटतो.

राजकारणात पहिला जॉन वारं बघून वळणारा होता. स्कॉटलंडच्या गादीसाठी दोघे भांडत होते, आधी त्यातल्या बॅलिअलशी करार, मग दुसरा म्हणजे राजा डेव्हिड दुसरा, त्याच्याकडून 1343 मध्ये माफी, परत कुरबुर, आणि शेवटी 1369 मध्ये इनव्हरनेसला शरण जाऊन ओलीस दिले, त्यात मार्गारेटचा मुलगा डोनाल्ड पण होता. दोन वर्षांत सासरा राजा झाला आणि मग त्याला कुणी त्रास दिला नाही. वारला आर्डटॉर्निश किल्ल्यात, पुरला आयोना बेटावर.

आर्डटॉर्निश. इथे दुसऱ्यांदा घसरायला होतं. मल बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या सामुद्रधुनीवरचा हा किल्ला पणजोबाच्या मरणाचा, आणि 'आर्डटॉर्निशचा तह' म्हणतात तो पणतूचा. त्यासाठीची बोलणी 1461 मध्ये आर्डटॉर्निशहून सुरू झाली आणि फेब्रुवारी 1462 मध्ये वेस्टमिन्स्टरला करार पक्का झाला.

दुसरा जॉन म्हणजे डोनाल्डचा नातू आणि अलेक्झांडरचा मुलगा. अलेक्झांडरला आईकडून, मारिओटा लेस्लीकडून, रॉसची अर्लकी मिळाली आणि तो 1449 मध्ये वारला तेव्हा ती जॉनकडे आली. म्हणून 'रॉसचा अर्ल' असं लिहिलेलं दिसलं की तो पणतूच, पणजोबाच्या वेळी रॉस म्हणजे उलट मेव्हण्याचा जीव घेणारं घराणं होतं.

त्या करारात ठरलं काय, तर जॉन, त्याच्या आजोबांच्या भावाचा मुलगा डोनाल्ड बॅलॉक आणि परागंदा झालेला डग्लसचा अर्ल यांनी इंग्लंडच्या एडवर्ड चौथ्याचं मांडलिक व्हायचं, वर्षाला पगार घ्यायचा, आणि स्कॉटलंड जिंकला गेला तर उत्तरेकडचा भाग तिघांनी वाटून घ्यायचा. हे गुपित बरीच वर्षं टिकलं. फुटलं कसं, तर 1474 मध्ये एडवर्डने स्कॉटलंडशीच सोयरीक ठरवली, आपली मुलगी सेसिली तिथला राजा जेम्स तिसरा याच्या मुलाला द्यायची, आणि मग इंग्लंडला या बेटवाल्या दोस्ताची गरज उरली नाही. 1475 मध्ये जॉनवर राजद्रोहाचा ठपका आला. 1476 मध्ये तो हजर झाला, बाकीचं परत मिळालं पण रॉस, किंटायर आणि नॅपडेल गेलं, आणि लॉर्ड ऑफ द आइल्स ही पदवी आता राजाने दिलेली पदवी झाली. आधी ती त्यांची स्वतःची होती, फरक केवढा आहे!

घर इथेही फुटलं पण उलट्या बाजूने. एलिझाबेथ लिव्हिंगस्टनशी लग्न, ते टिकलं नाही, औरस वारस नाही. अनौरस मुलगा अँगस ओग, त्याला बापाने जमीन सोडलेली सहन झाली नाही, तो उठला, आणि 1480 च्या दशकाच्या सुरुवातीला टोबरमोरीजवळच्या खाडीत बाप-लेकाची गलबतं एकमेकांवर चालून गेली. त्या जागेला आजही ब्लडी बे म्हणतात. मुलगा जिंकला. पण 1490 मध्ये इनव्हरनेसला त्याच्याच हार्पवाल्याने, म्हणजे दरबारी वादकाने, त्याचा गळा कापला. आणि 1493 मध्ये जेम्स चौथ्याने सगळी लॉर्डशिप खालसा केली. म्हातारा जॉन राजाच्या तनख्यावर जगला आणि 1503 मध्ये डंडीला वारला, देशाच्या दुसऱ्याच किनाऱ्याला, आपल्या बेटांपासून लांब.

अँगसचा मुलगा डोनाल्ड डूव्ह लहानपणीच पळवला गेला, आयुष्याचा बहुतेक काळ किल्ल्यांत कैदेत, 1501 ला सुटला, परत पकडला गेला, 1543 ला परत सुटला, आणि 1545 मध्ये आयर्लंडला ड्रोएडा इथे वारला. गादीचा तो वंश तिथे संपला. पदवी आता राजघराण्याकडे आहे, गादीचा वारस ती लावतो, म्हणजे सध्या प्रिन्स विल्यम.

आणि एमीची बाजू? 1493 नंतरही रॅनल्डचे वंशज, क्लॅनरॅनल्ड, मॉइडार्टला तिच्या माहेरच्या जमिनीवर टिकून होते. टिओरम किल्ला त्यांच्याकडेच. स्ट्युअर्ट घराण्याला गादीवर परत आणायच्या 1715 च्या उठावाला जाताना त्यांचा चीफ अ‍ॅलन याने, शत्रूच्या हातात पडू नये म्हणून, तो स्वतः जाळायला सांगितला, आणि शेरिफम्युअरच्या लढाईत अ‍ॅलन जखमी होऊन वारला. ओहोटीला वाळूवरून चालत गेलं की दिसतात त्या त्याच उघड्या पडलेल्या भिंती.