घाटात गाडी दमली की आळ पंपावर

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं आणि गाडीच्या प्रत्येक दुखण्याला एक आयतं कारण मिळालं. मुंबईहून नाशिकला परतताना कसारा घाटात, एसी चालू आणि आत चौघं, गाडी पिकअप देत नाही म्हटलं की निदान ठरलेलं: 'इथेनॉलने पंप खाल्ला.' मग टाकी उतरते, नवा पंप बसतो आणि पुढच्या खेपेला इगतपुरी यायच्या आत तेच रडगाणं सुरू.

इथेनॉल जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. म्हणून १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर येताना तेवढ्याच हवेला साधारण ४ टक्के जास्त इंधन द्यावं लागतं. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) इंजेक्टर (पेट्रोल फवारणारी तोटी) जरा जास्त वेळ उघडा ठेवून ते भागवतो. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील इथेनॉलने खराब होऊ शकतात, हेही खरं. पण पंप दमलाय की नाही हे तर्काने ठरवायचं कशाला? प्रेशर गेज लावलं की अर्ध्या तासात कळतं. अडचण एवढीच, की गेजवरचा आकडा वाचायला त्यामागची भानगड माहीत हवी.

नेहमीच्या पेट्रोल गाडीत टाकीतला पंप इंधन रेलपर्यंत, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीपर्यंत, ढकलतो. रेलमध्ये ३ ते ४ बार प्रेशर असतं, टायरवाल्याच्या हिशेबात ४४ ते ५८ पॉइंट. इंजेक्टर म्हणजे फक्त उघडणारं-मिटणारं भोक. किती मिलिसेकंद उघडायचं एवढंच ईसीयूच्या हातात. त्यातून किती पेट्रोल पडेल हे इंजेक्टरच्या दोन टोकांमधल्या प्रेशरच्या फरकावर ठरतं: वर रेल, खाली इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्या. आणि मॅनिफोल्डमधलं प्रेशर स्थिर नसतं. आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळजवळ मिटलेला असतो, पिस्टन हवा ओढत असतात, त्यामुळे तिथे बाहेरच्या हवेपेक्षा अर्धा-पाऊण बार कमी असतं. घाटात पाय पूर्ण दाबला की ही पोकळी जवळपास संपते. रेलचं प्रेशर एकाच आकड्यावर बांधून ठेवलं असतं, तर तेवढ्याच मिलिसेकंदांत आयडलला पेट्रोल जास्त आणि चढावर कमी पडलं असतं.

यावरची जुनी युक्ती फार देखणी आहे. रेलच्या टोकाला रेग्युलेटर असतो, त्यात एक पातळ पडदा. पडद्याच्या एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला स्प्रिंग आणि मॅनिफोल्डमधून आलेली बारीक व्हॅक्यूम नळी. स्प्रिंग ३ बारची धरू. आयडलला मॅनिफोल्ड ०.६ बारने पडदा मागे ओढतो, म्हणून पेट्रोल २.४ बारलाच रिटर्न लाइनचा, म्हणजे टाकीत परत जायचा, रस्ता उघडतं. पूर्ण थ्रॉटलला ओढ संपते, प्रेशर ३ वर जातं. गेजवर आकडा हलतो, इंजेक्टरच्या दोन टोकांमधला फरक मात्र दोन्ही वेळा ३ बारच. ना सेन्सर, ना वायर, नुसता पडदा आणि स्प्रिंग! म्हणून आयडलला २.४ दिसलं की 'प्रेशर कमी आहे' म्हणणाऱ्याला आधी विचारा, व्हॅक्यूम नळी काढून पाहिलीत का? नळी काढून तिचं तोंड बोटाने बंद केलं की काटा साधारण अर्धा बार वर चढला पाहिजे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, इथे हवेचंच प्रेशर ०.०७ बारने कमी. त्यामुळे ही चढ पुस्तकातल्या आकड्यापेक्षा किंचित कमी दिसेल, ते चालायचंच. नळीतून पेट्रोलचा वास किंवा थेंब आला तर पडदा फाटलाय.

बहुतेक नव्या गाड्यांत रिटर्न लाइनच नसते. रेग्युलेटर टाकीतच पंपाबरोबर बसतो, रेलचं प्रेशर साडेतीन-चार बारवर स्थिर राहतं आणि मॅनिफोल्डचा हिशेब ईसीयू आपल्या गणितात करतो. तिथे नळी काढायची परीक्षा लागू नाही. तुमच्या गाडीचा नेमका आकडा वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्यावा.

आता वर्गमुळाचा खेळ. भोकातून पडणारं पेट्रोल प्रेशरच्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं. फरक ३ वरून २ बारवर आला तर पेट्रोल एक तृतीयांशाने कमी होत नाही, फक्त १८ टक्क्यांनी होतं. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरला ही कमतरता कळते आणि ईसीयू इंजेक्टर २२ टक्के जास्त वेळ उघडा ठेवतो. त्याची मर्यादा साधारण २५ टक्क्यांची. म्हणजे प्रेशरचा तिसरा हिस्सा गेला तरी गाडी गंगापूर रोडवर मुकाट्याने पळते, आणि घाटात मागणी वाढून प्रेशर आणखी पडलं की उघडी पडते. दीड बारला ४१ टक्के भर घालावी लागेल; ती ईसीयूच्या आवाक्याबाहेर.

मोजणी इंजिन थंड असताना, मोकळ्या हवेत करा. जवळ पावडरचं अग्निशामक हवं, विडी-सिगारेट लांब. पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून गाडी चालू करा. ती आपोआप बंद पडेल, रेलमधलं प्रेशर उतरेल. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा, जोडाखाली फडकं धरा आणि ० ते १० बारचं गेज टी-जोडणीने पाइप आणि रेल यांच्यामध्ये बसवा. फ्यूज आणि बॅटरी परत जोडून चावी फिरवली की पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो. एवढ्यात काटा चढला पाहिजे. गळती नाही हे पाहूनच इंजिन चालू करा.

इंजिन बंद केल्यावर काटा दहा मिनिटं तरी जवळपास टिकावा. झरझर पडला तर गेजच्या टाकीकडची रबरी नळी चिमट्याने दाबा (प्लास्टिकची कधीच नाही, ती तडकते). आता टिकला तर दोष टाकीकडे, बहुधा पंपाच्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा (पेट्रोल मागे न येऊ देणाऱ्या झडपेचा). तरीही पडला तर गळका इंजेक्टर, किंवा रेग्युलेटर रेलवर असेल तर तो. सकाळी दोन-तीनदा सेल्फ मारावा लागण्यामागे अनेकदा हेच असतं.

उभ्या गाडीत बरोबर दिसणारं प्रेशर चढावर कोसळू शकतं, कारण तुंबलेला फिल्टर कमी प्रवाहाला अडवत नाही. ईसीयूतले आकडे दाखवणाऱ्या ओबीडी स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू इंधनात किती टक्के भर-घट करतोय ते, पाहा: आयडलला ठीक आणि लोड वाढताच +१५, +२० व्हायला लागला तर इंधन कमी पडतंय. उलट आयडलला जास्त आणि रेस दिल्यावर उतरला तर कुठूनतरी हवा शिरतेय. तिथे नवा पंप घालून उपयोग शून्य.

पेट्रोलच्या पाइपवर चुंबक बांधून 'रेणू ओळीत लावणारे' अजून भेटतात. पेट्रोलच्या रेणूंना त्या चुंबकाचं सोयरसुतक नसतं. त्यापेक्षा बंपरला लिंबू-मिरची बरी, स्वस्त तरी पडते.

ही पद्धत डिझेलच्या किंवा डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या गाडीच्या) हाय-प्रेशर बाजूला अजिबात वापरू नका. सातपूरला बॉशच्या कारखान्यात डिझेलचे इंजेक्टर बनतात. तसल्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या कॉमन रेलमध्ये १६०० बारच्या वर प्रेशर जातं. तिथली बारीक धार कातडीतून आत शिरते, जखम सुईच्या टोकाएवढी दिसते आणि ऑपरेशन तातडीचं लागतं.

शेवटी, प्रेशर खरंच कमी निघालं तरी पंप मागवण्याआधी इंजिन चालू ठेवून पंपाच्या कनेक्टरवर मल्टिमीटर धरा. बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि पंपावर ११ असतील तर मोटर मंद फिरणारच. मीटरची एक तार पंपाच्या अर्थवर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवा. तिथे पाव व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसलं तर अर्थचा बोल्ट काढा, खालचा गंज सॅंडपेपरने घासा, आवळा आणि प्रेशर पुन्हा मोजा.