प्रलयोत्तर चित्रपट व प्रेक्षकप्रतिसाद

जगाची घडी कायमची विस्कटल्यानंतर मागे उरलेल्या माणसांचे जगणे दाखवणारा चित्रपटप्रकार. आपत्तिपटात संकट डोळ्यांदेखत येते आणि बहुधा निभावते; प्रलयोत्तर चित्रपटात ते येऊन गेलेले असते. अन्न, ऊब, आडोसा व सोबत यांसाठीची वणवण हाच त्याचा कथाभाग. १९८१ च्या ‘मॅड मॅक्स २’नंतर फोफावलेली साहसप्रधान शाखा येथे बाजूला ठेवली असून, दिलासा नाकारणारी विषण्ण शाखा व तिच्याविषयीची प्रेक्षकांची मते यांचाच विचार केला आहे.

संज्ञा : ‘प्रलयोत्तर’ हा शब्द मराठीत रुळत असला, तरी तो नेमका बसत नाही. पुराणांत नित्य, नैमित्तिक, प्राकृतिक व आत्यंतिक असे प्रलयाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांतील नैमित्तिक व प्राकृतिक प्रलयांनंतर सृष्टी पुन्हा निर्माण होते. म्हणजे प्रलय हा चक्रातला एक टप्पा ठरतो. या चित्रपटांत चक्र फिरत नाही. बोलीतला ‘जगबुडी’ हा शब्द अधिक जिवंत, पण त्यात पाणी आहे आणि पडद्यावर बहुधा राख, उपासमार किंवा रोगराई असते. ज्या ग्रीक शब्दावरून ‘पोस्ट-अपोकॅलिप्टिक’ ही पाश्चात्त्य संज्ञा आली, त्या ‘अपोकालुप्सिस’चा मूळ अर्थ विनाश नव्हे, तर अनावरण असा आहे. बायबलच्या नव्या करारातील अखेरच्या ग्रंथामुळे त्याला जगाच्या अंताचा अर्थ चिकटला. मूळ अर्थच या चित्रपटांना जवळचा वाटतो. कायदा, बाजार, शेजार हे सगळे गेल्यावर माणसात काय उरते ते येथे उघडे पडते आणि प्रेक्षकांचे वादही बहुतेक त्यावरूनच होतात.

उगम : साहित्यात या कल्पनेचा माग सामान्यतः फ्रेंच लेखक ग्रँव्हील यांच्या १८०५ मधील ‘अखेरचा माणूस’ या अर्थाच्या कृतीपर्यंत नेला जातो. त्याच शीर्षकाची मेरी शेली यांची कादंबरी १८२६ ची. एकविसाव्या शतकाच्या अखेरीस साथीच्या रोगाने मानवजात संपते असे तिचे कथानक असून, समकालीन परीक्षणांनी तिला रोगट कल्पनाशक्तीचे अपत्य ठरवले होते. ‘हे इतके अंधारे कशासाठी?’ हा आक्षेप अशा रीतीने चित्रपटाच्या जन्माआधीचा आहे.

पहिला प्रलयोत्तर चित्रपट कोणता, याबद्दल एकमत नाही. ऑगस्ट ब्लॉम यांचा ‘व्हर्डेन्स उंडरगांग’ (‘जगाचा अंत’) हा १९१६ चा डॅनिश मूकपट अनेकदा पुढे केला जातो. १९१० मध्ये हॅलेचा धूमकेतू येऊन गेल्यावर पसरलेली भीती आणि चालू असलेले महायुद्ध या दोन्हींची छाया त्यावर दिसते. मात्र त्याचा बराच भाग धूमकेतू आदळण्यापूर्वी घडतो. उरलेल्या जगाच्या वाट्याला अखेरचा तुकडाच येतो. म्हणून काही अभ्यासक त्याला आपत्तिपट मानतात. ‘थिंग्ज टू कम’ (१९३६) या चित्रपटात युद्धानंतरचे उद्ध्वस्त नगर व तेथील साथ ठळकपणे येते. पण कथा विज्ञानाच्या विजयाकडे वळते. आर्च ओबोलर यांच्या ‘फाइव्ह’ (१९५१) मध्ये अणुसंहारानंतर जिवंत राहिलेल्या पाच जणांपलीकडे जगच नाही. प्रलयानंतरचे जगणे हाच विषय हवा, ही कसोटी धरली तर ‘फाइव्ह’चा दावा अधिक सबळ ठरतो. कल्पनेचा उगम पाहायचा असेल, तर डॅनिश मूकपटाला डावलता येत नाही.

अणुयुगातील चित्रपट : स्टॅन्ली क्रेमर यांचा ‘ऑन द बीच’ १७ डिसेंबर १९५९ रोजी मॉस्कोसह अनेक महानगरांत एकाच वेळी प्रदर्शित झाला. त्यात प्रेते दिसत नाहीत, दिसतात ते रिकामे रस्ते. हा संयम काहींना परिणामकारक वाटला, तर काहींना मृत्यू नको इतका नेटका केल्यासारखा वाटला. पीटर वॉटकिन्स यांचा ‘द वॉर गेम’ दुसऱ्या टोकाचा. बीबीसीने १९६५ मध्ये तो प्रसारणासाठी अतिशय भयंकर असल्याचे सांगून रोखला. पुढे त्याला माहितीपटाचे ऑस्कर मिळाले आणि तरीही दूरचित्रवाणीवर तो १९८५ मध्येच दिसला. मधल्या वीस वर्षांत काय दाखवावे, हे प्रेक्षकांच्या वतीने दुसऱ्यांनीच ठरवले.

‘द डे आफ्टर’ हा दूरचित्रपट अमेरिकेत २० नोव्हेंबर १९८३ रोजी सुमारे १० कोटी लोकांनी पाहिला. बॉम्बहल्ल्याच्या दृश्यानंतर त्यात एकही जाहिरात नव्हती. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तो आधीच पाहून आपण फार खिन्न झाल्याचे रोजनिशीत नोंदवले होते. प्रक्षेपणानंतरच्या जनमत चाचण्यांत मात्र अण्वस्त्रधोरणाविषयीच्या लोकमतात मोठा बदल दिसला नाही. हादरणे आणि मत बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

शेफील्ड शहरात घडणारा ब्रिटिश ‘थ्रेड्स’ (१९८४) या परंपरेतील सर्वांत कठोर म्हणता येईल. अणुहल्ल्यानंतर तेरा वर्षांनी वाढत्या वयातल्या पिढीची भाषाही तुटक झालेली असते. शेवटी प्रसूत झालेल्या किशोरवयीन मुलीच्या हातात बाळ दिले जाते, ती त्याच्याकडे पाहते, किंचाळण्यासाठी तिचे तोंड उघडते आणि चित्र तेथेच गोठते. किंकाळी ऐकू येत नाही. त्या मुलीच्या मनात जे घडते त्याची जबाबदारी प्रेक्षकावर टाकणारी ही चौकट अनेकांना वर्षानुवर्षे विसरता आलेली नाही.

‘द रोड’ व मतभेद : कॉर्मॅक मॅकार्थी यांच्या कादंबरीवरून जॉन हिलकोट यांनी केलेला ‘द रोड’ (२००९) हा अलीकडच्या प्रेक्षकचर्चेचा केंद्रबिंदू आहे. बाप व लहान मुलगा राखेने झाकलेल्या देशातून समुद्राकडे चालत जातात, एवढीच कथा. चित्रणासाठी पेनसिल्व्हेनियातील वापरातून गेलेला महामार्ग आणि चक्रीवादळानंतरचा न्यू ऑर्लीन्सचा परिसर निवडला होता. खरी पडझड सेटपेक्षा बोलकी असते, ही जाण त्यामागे दिसते.

पहिला आक्षेप कारणाबद्दलचा. घड्याळे १ वाजून १७ मिनिटांनी थांबली, मोठा प्रकाश पडला, यापलीकडे चित्रपट काही सांगत नाही. ही फसवणूक आहे असे मानणारे प्रेक्षक पुष्कळ. पण कारण कळले की प्रेक्षक दोषी शोधू लागतो आणि उपाय सुचवू लागतो. ते दडवले की त्याला त्या दोघांबरोबर चालावेच लागते. दुसरा आक्षेप संथपणाचा. तो बहुधा साहसपटाच्या अपेक्षेने आलेल्यांचा असतो. मुलाच्या पात्रावर मते सरळ दुभंगतात. त्याचे सततचे घाबरणे काहींना असह्य होते. इतरांच्या मते, वाटेत भेटलेल्या म्हाताऱ्याला खायला देऊ पाहणारा तो मुलगाच चित्रपटाचा कणा आहे.

ज्या दृश्याबद्दल तक्रार क्वचितच ऐकू येते ते पेयाच्या डब्याचे. बापाला कोकाकोलाचा एक डबा सापडतो, तो मुलाला देतो. फेस नाकात गेलेला मुलगा चकित होतो आणि बापानेही प्यावे म्हणून आग्रह धरतो. संपलेल्या जगाची सगळी गोडी त्या घोटात आहे. शेवटाबद्दल मात्र वाद आहेच. बाप गेल्यावर एक कुटुंब मुलाला सोबत घेते. हे सोयीचे आहे असे एक मत. माणुसकी कुठेतरी चालू होती, बापाच्या भीतीमुळे ती दिसली नव्हती, असे दुसरे. कुटुंब मागावर होते ही संवादातील सूचना लक्षात घेतली, तर दुसऱ्या मताला आधार मिळतो.

दुःखाचा आस्वाद : ‘उत्तम चित्रपट, पण पुन्हा पाहणार नाही’ हा या प्रकाराबाबतचा नेहमीचा अभिप्राय. ॲरिस्टॉटलच्या विरेचनाने, म्हणजे शोकांतिका पाहून भावनांचा निचरा होतो या कल्पनेने, त्याचा पूर्ण उलगडा होत नाही. विरेचनानंतर हलके वाटायला हवे आणि हा प्रेक्षक जड होऊन उठतो. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पण’ या संस्कृत काव्यशास्त्रग्रंथात, करुणरस दुःखदच असता तर त्याकडे कोणी वळलेच नसते, असा युक्तिवाद आहे. त्याआधी बाराव्या शतकाच्या सुमारास ‘नाट्यदर्पण’कार रामचंद्र व गुणचंद्र यांनी वेगळी भूमिका घेतली : करुण, भयानक, बीभत्स व रौद्र हे रस खरोखर दुःखात्मकच असतात, प्रेक्षक ओढला जातो तो कवी व नट यांच्या कौशल्याच्या चमत्काराने. उपरोक्त अभिप्रायाची फोड याच मताने अधिक नीट होते. दुःख दुःखच राहते आणि दाद त्याच्या जोडीने उभी असते.

अमेरिकन समीक्षक सूझन सॉन्टॅग यांनी १९६५ च्या निबंधात विनाशपटांतील मोडतोडीच्या सौंदर्यावर बोट ठेवले होते. विषण्ण शाखा हे सौंदर्य बहुतांशी नाकारते, म्हणून ती टीका तिला पुरती लागू पडत नाही. कोल्टन स्क्रिव्हनर, मथियास क्लासन आदी संशोधकांनी कोविड महामारीच्या काळात ३१० जणांवर केलेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रलय, परग्रहवासीयांचे आक्रमण अशा विषयांच्या चित्रपटांचे चाहते त्या महामारीसाठी अधिक सज्ज असल्याचे दिसले. हा सहसंबंध आहे. चित्रपटांनीच सज्जता आणली, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

अन्य भाषांतील चित्रपट : क्रिस मार्कर यांचा ‘ला जते’ (१९६२) हा २८ मिनिटांचा फ्रेंच लघुपट जवळजवळ संपूर्ण स्थिरचित्रांचा आहे, एका स्त्रीचे डोळे उघडणे एवढेच त्यात हलते. मिखाएल हानेके यांच्या ‘ल तां द्यू लू’ (२००३) मध्येही आपत्तीचे कारण सांगितलेले नाही. कॉन्स्तान्तिन लोपुशान्स्की यांचा ‘मृत माणसाची पत्रे’ या अर्थाचा सोव्हिएत चित्रपट १९८६ चा, चेर्नोबिल दुर्घटनेच्याच वर्षातला. त्यातील वृद्ध शास्त्रज्ञ तळघरातून आपल्या मुलाला पत्रे लिहितो आणि शेवटी त्याने सांभाळलेली मुले बर्फातून चालत निघतात.